घाटात पेडल खाली जातं, थंड झाल्यावर ठीक होतं: जुन्या पिकअपच्या ब्रेकचा दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: २०११ सालची डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जाते. कसारा घाट अर्धा उतरला की पेडल खाली जायला लागतं. दोन-तीनदा मारलं की थोडं वर येतं आणि जोरात दाबलं की गाडी डावीकडे ओढते. खाली उतरून अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा. मिस्त्रीने मास्टर सिलिंडर नवीन टाकला, फरक पडला नाही. आता बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा डबा) बदलायला सांगतोय. बदलावा का?

बदलू नका. बूस्टर किंवा व्हॅक्यूम गेला तर पेडल कडक होतं, पाय लावून जोर काढावा लागतो. पेडल खाली जाणं हे त्याचं लक्षणच नाही. मास्टर सिलिंडरची वॉशरं गेली असती तर पेडल नाशिकमध्ये सिग्नलला उभं असतानाही हळूहळू बसलं असतं. त्यासाठी घाट लागला नसता. तापल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर आपोआप जाणारा दोष बहुतेक वेळा एकच असतो: डिस्कवर पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळतंय. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि सगळं ठीक दिसतं.

पण इथेच थांबून नुसतं ऑइल बदललं तर दोष महिना-दोन महिने लपेल, इतकंच. पुढची चाकं ऑइल उकळेपर्यंत का तापतात, हा खरा प्रश्न आहे. जुन्या, भरपूर माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये त्याचं उत्तर बहुतेकदा मागच्या चाकांत सापडतं. मागचा ब्रेक नावापुरता उरलेला असतो आणि पुढच्या दोन डिस्क अख्ख्या गाडीचं काम ओढत असतात.

घाटात किती उष्णता तयार होते याचा साधा हिशेब करून बघा. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. मालासकट साडेतीन टनांची गाडी तेवढी खाली आणायची तर जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात साधारण ३० लिटर पाणी उकळीला येईल. यातली बरीचशी इंजिनाने आणि हवेने घ्यायला हवी. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ती जवळजवळ सगळी ब्रेकवर येते, आणि मागचा ब्रेक झोपलेला असेल तर दोनच डिस्कवर. एक टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर १०० क्रेट म्हणजे दोन टन. आरसी बुकातल्या वजनाशी हा आकडा एकदा ताडून बघा. जादा मालाला कुठलाही पॅड पुरा पडत नाही.

काहीही उघडण्यापूर्वी गाडी सपाट जागी, थंड इंजिनावर उभी करून पेडल तपासा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे खर्च इथेच टळतात.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग मध्यम जोराने दाबून अर्धा-एक मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली गेलं तर एक तर बाहेर गळती आहे किंवा मास्टरची वॉशरं आतल्या आत ऑइल सोडताहेत. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला उंच व टणक आलं, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेत. दाबताना लवचिक, स्पंजी लागलं तर लाइनमध्ये हवा आहे किंवा रबरी होज फुगतोय. आता पाय तसाच दाबून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. नंतर इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि सावकाश तीनदा दाबा. प्रत्येक वेळी पेडल आधीपेक्षा उंच थांबलं तर बूस्टर व्हॅक्यूमही धरून ठेवतोय. एवढं झालं की बूस्टरचा विषय मिटवा.

घाटात ब्रेक कमी पडण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पेडल उंच आणि टणक आहे, जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड किंवा लायनर तापून घर्षण गेलंय. पेडलच तळाला जातंय तर ऑइल उकळलंय. पहिल्यात हलक्या दर्जाचे पॅड, काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड बघायचे. दुसऱ्यात ऑइल बघायचं. तुमचा प्रकार दुसरा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, बाटलीचं झाकण उघडं राहिलं तरी शोषतं. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरले तरी ते मानकात बसतं. घाटात तापलेल्या कॅलिपरला १४० अंश गाठणं अवघड नाही. आता मास्टर बदलताना काय झालं असेल ते बघा. वरच्या टाकीत नवीन ऑइल आलं, थोडी हवा काढली, पेडल टणक झालं, गाडी दिली. कॅलिपरच्या पिस्टनमागे मात्र वर्षानुवर्षांचं काळं ऑइल तसंच राहिलं, आणि उकळतं ते नेमकं तेच. टाकीतलं ऑइल स्वच्छ पिवळं दिसतंय यावर म्हणूनच जाऊ नका. पुढच्या कॅलिपरवरच्या निपलमधून (हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) चमचाभर काढून पारदर्शक बाटलीत बघा.

पूर्ण ऑइल बदलायला साधारण एक लिटर लागतं. ५०० मिलीच्या दोन सीलबंद बाटल्या आणा, डॉट ४ घ्या. डॉट ३ च्या जागी ते चालतं. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल किंवा डिझेलचा एक थेंबही टाकीत जाता कामा नये. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात, पोर्ट बंद होतात, ब्रेक सुटेनासा होतो आणि मग मास्टरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. टाकीच्या झाकणाखालची रबरी पडदी फुगून वेडीवाकडी झालेली दिसली तर हेच घडलंय असं समजा.

आधी इंजेक्शनच्या सिरिंजने टाकी उपसून कापडाने पुसा, नवीन ऑइल भरा. मग मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत मागे एकाच बाजूला निपल असतो, मग तेवढाच. निपलला आदल्या रात्री गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा आणि सहा कडांचा रिंग पाना वापरा. चपट्या पान्याने कडा गेल्या की निपल मोडतो आणि पंधरा मिनिटांचं काम कॅलिपर बदलण्यावर जातं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. वर बसलेला माणूस तीनदा दाबून धरतो, खालचा निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो, बंद करतो, मग ‘सोड’ म्हणतो. त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. रंग स्वच्छ आणि बुडबुडे बंद होईपर्यंत हे चालू द्या आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवत नाहीत. जुन्या मास्टरमध्ये वॉशर रोज जेवढी सरकते त्यापुढच्या भागात गंज असतो. पेडल तळापर्यंत मारलं की वॉशर तिथे फाटते आणि एअर काढायला आलेली गाडी मास्टर बदलून जाते. दुसरी, गाडी मागून चासीखाली जॅक लावून उचलतात आणि एक्सल लोंबकळत ठेवतात. मागे लोड व्हॉल्व्ह असेल तर एक्सल लोंबकळल्यावर गाडी रिकामी आहे असं समजून तो मागचा दाब अडवतो. मग मागून ऑइल नीट येत नाही, हवा आतच राहते. स्टँड एक्सलखाली द्या, किंवा गाडी चाकांवर उभी ठेवूनच काम करा.

हा लोड व्हॉल्व्ह म्हणजे या सगळ्या प्रकरणाची किल्ली. चासीला मागच्या एक्सलच्या वर एक ओतीव व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून एक सळई किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. माल भरला की पाटे (एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, चासी एक्सलजवळ येते, सळई सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीत उलट, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता नाशिकच्या बाजारात फिरणाऱ्या बहुतेक पिकअपना एक-दोन पाटे वाढवलेले असतात. पाटे वाढवले की माल भरूनही गाडी पुरेशी बसत नाही. दोन टन माल पाठीवर आणि व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामी! मागे दाब जात नाही, पुढच्या डिस्क लाल होतात, ऑइल उकळतं. पाटे बसवणारा ब्रेकला हात लावत नाही आणि ब्रेकवाला पाट्यांकडे बघत नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं तसंच चालतं.

तपासणी सोपी आहे. गाडी रिकामी असताना सळईची जागा खडूने चासीवर मार्क करा. माल भरल्यावर पुन्हा मार्क करा. दोन खुणा जवळजवळ एकाच जागी पडल्या तर उत्तर मिळालं. सळईच हलत नसेल, तर इगतपुरीच्या पावसाचा चिखल आणि गंज यांनी सांधा जाम झालेला असतो. तो मोकळा करा, झिजलेला बुश बदला. सळईची लांबी बसवण्याचं काम मात्र ज्याच्याकडे ब्रेकच्या दाबाचे दोन गेज आहेत अशा वर्कशॉपमध्येच करून घ्या, पुढच्या-मागच्या लाइनचा दाब बघून आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. तारेने सळई वर बांधून ठेवण्याची युक्ती रस्त्यावर बरीच दिसते. भरलेल्या गाडीत ती चांगली वाटते. परतीला रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर तिच्यामुळेच आडवी होते. व्हॉल्व्हला नुसता बायपास करून पाइप जोडणं हाही तोच प्रकार.

आता मागचे ड्रम. हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेकची केबल ढिली करा. ड्रम निघत नसेल तर हातोडा नको. बहुतेक ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट सारखे आवळत गेले की ड्रम बाहेर येतो. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने ओली करून पुसा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. लायनर तेलकट असेल पण सिलिंडर कोरडा, तर एक्सलचं ऑइल सील गेलंय. एक्सलमधल्या ९० नंबरच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, ब्रेक ऑइलला येत नाही, यावरून फरक लगेच कळतो. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवू नका, तापल्यावर तेल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलायचे. रिव्हेटवाले लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून एक मिमीवर आले की संपले. ड्रमला खाच पडली असेल तर नाशिकच्या सातपूर-अंबडला कुठल्याही चांगल्या लेथवर टर्न होतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे जायचं नाही. पातळ ड्रम घाटात तापून फाकतो आणि पेडल पुन्हा खाली.

ॲडजस्टरची (लायनर आणि ड्रममधली फट ठरवणारा स्क्रू) चाकी बहुतेकदा जाम सापडेल. ती पूर्ण सोडवून, तारेच्या ब्रशने घासून, उष्णता सोसणारं ग्रीस आट्यांना अगदी पातळ लावा. ड्रम बसवून चाक अडेपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग चाक हलकं घासत फिरेल इतकं मागे घ्या. पेडल दोन-चारदा जोरात मारून लायनर मधोमध बसू द्या आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल सर्वांत शेवटी. आधी केबल ओढून हँडब्रेक ‘टाइट’ केला की लायनर अर्धवट उघडे राहतात, आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा काम करत नाही आणि पेडल खालीच राहतं. हा उलटा क्रम फार ठिकाणी चालतो.

डावीकडे ओढण्याबद्दल. गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डावं चाक उघडतात. डावं चाक नीट काम करतंय म्हणून गाडी तिकडे ओढते. आधी उजवं उघडा. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने आत-बाहेर झाल्या पाहिजेत. एक पिन जाम असेल तर आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा झिजलेला दिसेल. पिनांना फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, कारण साध्या पिवळ्या ग्रीसने बूट फुगतात. पिस्टन परत ढकलताना निपल उघडा ठेवून जुनं ऑइल बाहेर घ्या, मास्टरकडे परत पाठवू नका. पिस्टन खरवडून, गंजून आत जात नसेल तर सील किट टाकून उपयोग नाही. पॅड ३ मिमीच्या खाली आले की बदला, डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर कोरलेली असते.

रबरी होजही बघा. १०-१२ वर्षांचा होज बाहेरून ठीक आणि आतून फुगलेला असतो. दाब जातो, पण परत येत नाही, चाक धरून राहतं आणि तापतं. ब्रेक मारून सोडल्यावर चाक हाताने फिरत नसेल तर निपल उघडा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता. मग पुन्हा ब्रेक मारून होजच्या वरच्या टोकाचा नट सैल करा. चाक तरीही अडलेलंच राहिलं तर होज बदला. चारही चाकं एकदम अडत असतील तर होज नाही, नवीन मास्टर आणि बूस्टरची दांडी यांच्यामधली फट गेलीय. मास्टर नुकताच बदललाय, म्हणून ही शक्यता तुमच्या बाबतीत जरूर तपासा. मास्टरचे दोन नट तीन-चार आटे सैल केल्यावर चाकं मोकळी झाली तर दांडी लांब पडतेय. ब्रेक सतत किंचित धरून राहिला तर घाटाआधीच डिस्क गरम असते.

हे सगळं करूनही ओढत असेल तर टायरची हवा, पाट्यांचे यू-बोल्ट आणि तुटलेला सेंटर बोल्ट या क्रमाने.

व्हॅक्यूमबद्दल एवढंच. बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. म्हणून पट्टा तुटला की आधी बॅटरीचा दिवा लागतो आणि दोन-तीन ब्रेकनंतर पेडल कडक होतं. घाटाच्या तोंडाशी तो दिवा लागला तर खाली उतरू नका. गेज लावून बघायचं असेल तर नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे हे लक्षात ठेवा. समुद्रसपाटीपेक्षा इथे पाऱ्याचे दोन इंच कमीच मिळणार. २४-२५ इंच आले तर पंप चांगला, २० च्या खाली असेल तर पंप, त्याचा होज आणि एकेरी व्हॉल्व्ह बघा.

चालवताना घाटात गिअर तोच ठेवा ज्यात तो घाट चढाल, बहुधा दुसरा किंवा तिसरा. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात मारून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, डिस्कला हवा लागू द्या. पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करत गिअर एकेक खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरत थोडा-थोडा ओढा. खाली थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर, ड्रमवर पाणी ओतू नका, वाकतात आणि तडकतात. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढूनही ठेवू नका. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

काम झाल्यावर माल न भरता मोकळ्या रस्त्यावर आधी २० च्या वेगाला तपासा. नवीन पॅड-लायनर बसवले असतील तर ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पंधरा-वीस वेळा, मध्ये थोडं अंतर सोडून. मग अर्धा माल घेऊन सिन्नरच्या मोहदरी घाटातून उतरा आणि थांबून टेम्परेचर गनने चारही चाकं मोजा. पुढच्या दोघांत ४०-५० अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थंड चाकाचा कॅलिपर काम करत नाही किंवा गरम चाकाचा सुटत नाही. मागचे ड्रम नुसते कोमट आणि पुढचं धगधगतंय असं दिसलं तर लोड व्हॉल्व्हकडे परत जा. ते जुळल्याशिवाय कसाऱ्याला पूर्ण माल नेऊ नका. १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट, निपल आणि टाकीतली पातळी पुन्हा बघा, आणि ऑइल बदलल्याची तारीख टाकीवर मार्करने लिहून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं आहे, दर पावसाळ्यात इगतपुरीमार्गे धावणाऱ्या गाडीचं वर्षानेच.